रिकामा रकाना

(धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



यंदा ऑगस्टअखेर आम्ही उभयतांनी आमच्या धाकट्या कन्येस विद्यापीठाच्या वसतिगृहात पोहोचविले. चादरी, टेबलावरचा दिवा, भात शिजविण्याचे भांडे आणि आईने दिलेली लहानशी बुद्धमूर्ती, एवढेच सामान. परंतु तिची ओळख तिच्या कितीतरी आधी तेथे जाऊन पोहोचली होती. प्रवेश निश्चित होताच नव्या विद्यार्थ्यांनी इन्स्टाग्रामवर आपले छायाचित्र आणि चार ओळींचा परिचय दिला होता. खोलीतील सोबतीणही त्यावरूनच ठरली. आमच्या काळी वसतिगृहात पाऊल टाकल्यावर आडनाव विचारले जाई. आता कोणी विचारण्यापूर्वीच सारे पाहून ठेवलेले असते.

तिच्या पानावर आपल्याच १४ एप्रिलच्या कार्यक्रमातील, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर उभी असलेली तिची छबी होती. सप्टेंबरात भारतीय विद्यार्थ्यांच्या एका मेळाव्यात कोणीतरी तिचे आडनाव विचारले, मग गाव विचारले आणि थोड्या वेळाने राखीव जागांवर एक विनोद झाला. सारे हसले. त्या रात्री तिने ती छबी पुसून टाकली आणि आम्हास दूरध्वनी केला. "पप्पा, मी चुकले का?"

मित्रहो, आम्हास उत्तर देता आले नाही. कारण हा धडा तिने आमच्याच घरी गिरविला होता.

आम्ही वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतला तेव्हा सूचनाफलकावरील यादीत नावापुढे प्रवर्ग छापलेला होता. पुढील कित्येक वर्षे आमचे गुण कोणी पाहिले नाहीत, तो रकानाच पाहिला. म्हणून या देशात आलो तेव्हा येथे तो रकाना नाही, याचेच आम्हास अप्रूप वाटले. मराठी मंडळींत कोणी "आपण कुठले?" असे विचारले, की "विदर्भातले" एवढेच सांगून आम्ही विषय बदलत असू. घरात जयभीम आणि उंबरठ्याबाहेर नमस्कार. आम्ही समजत होतो, की मुलांना हे कळत नाही. मुलांना सारे कळत होते.

ओळख लपविणे म्हणजे भ्याडपणा, असा निवाडा देण्याचा अधिकार आम्हास नाही. बाबासाहेब १९१३ साली वयाच्या बावीसाव्या वर्षी कोलंबिया विद्यापीठात आले. परदेशातील वास्तव्यात आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसली गेली होती, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात नमूद केले आहे. पुढे १९१७ साली बडोदे संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी गेले असता त्यांना राहावयास जागा मिळेना. तेव्हा पारशी नाव धारण करून त्यांना पारशी पथिकाश्रमात उतरावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. घेतलेल्या नावाने दहा दिवसांचा निवारा दिला, त्याहून अधिक काही दिले नाही. परंतु पुढे तीच हकीकत त्यांनी स्वतःच्या नावाने लिहिली, आणि आज कोलंबियातील विद्यार्थी ती अभ्यासतात. हे आम्ही मुलीस फार उशिरा सांगितले. घर सोडण्यापूर्वी सांगावयास हवे होते.

आपल्या मुलांच्या वाट्याला आलेला काळ आमच्याहून काही अंशी बरा आहे. ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ मध्ये आपल्या भेदभावविरोधी धोरणात जातीचा अंतर्भाव केला. जानेवारी २०२२ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीने आपल्या सर्व संकुलांसाठी तेच केले. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल नगरपरिषदेने जातिभेदास कायद्याने बंदी घातली. मात्र त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने संमत केलेले विधेयक राज्यपालांनी ऑक्टोबरमध्ये नाकारले. तेव्हा प्रत्येक पालकाने आपल्या पाल्याच्या विद्यापीठाचे नियम उघडून पाहावेत. त्यात 'जात' हा शब्द आहे किंवा नाही, आणि तक्रार कोणत्या कार्यालयात करावयाची, हे मुलांना ठाऊक असावे. अपमानाचा मजकूर पडद्यावर आला तर रागाने पुसू नये. तारखेसह जपून ठेवावा.

विद्यार्थी मित्रहो, वैद्यकीच्या अनुभवातून दोन गोष्टी सांगतो. रुग्णाची माहिती त्याच्या संमतीवाचून बाहेर जाऊ द्यावयाची नाही, हा आमच्या व्यवसायाचा दंडक आहे. आपल्या मित्राची जात, त्याची कहाणी, त्याचे छायाचित्र यांनाही तोच नियम लावा. त्याने सांगितल्याशिवाय तुम्ही जगास सांगू नका. दुसरी गोष्ट अशी, की जो रुग्ण दुखणे जगापासून लपवितो, त्यानेही निदान एका माणसाजवळ ते बोलावे लागते. पडद्यावर काय लिहावयाचे ते तुम्ही ठरवा. परंतु महाविद्यालयाच्या आवारात, एका मेजावर बसून जेवता येईल आणि सारे खरे बोलता येईल, असा एक तरी स्नेही जोडा. पडद्यावरची शेकडो नावे त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

आणि पालकहो, "लपव" असेही सांगू नका, "सांगच" असाही आग्रह धरू नका. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला काय घडले, आपले आजी-आजोबा तेथे का गेले, हे मात्र मुलांना सांगा. ज्याला इतिहास ठाऊक आहे, तो गप्प राहिला तरी शरमेने गप्प राहत नाही.

आमच्या कन्येने ती छबी अद्याप परत लावलेली नाही. आम्हीही विचारलेले नाही. तो निर्णय तिचा आहे. आमच्यापुरता निर्णय मात्र आम्ही घेतला. गेल्या महिन्यात एका स्नेहभोजनात नेहमीचाच प्रश्न आला, "आपण विदर्भातले म्हणजे कोण?" तीस वर्षांत प्रथमच आम्ही म्हणालो, "आम्ही बौद्ध. बाबासाहेबांची माणसे." क्षणभर मेजावर शांतता पसरली. मग शेजारच्या गृहस्थांनी वरणाचे भांडे आमच्याकडे सरकविले आणि जेवण पुढे चालू झाले. घरी येताच आम्ही मुलीस दूरध्वनी केला आणि तिच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर दिले: "तू चुकली नाहीस, बाळ. चुकलो आम्ही."

जयभीम! नमो बुद्धाय!