आटे बसेपर्यंत

माझे अब्बा राळेगावच्या तहसील कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देत. त्यांच्याजवळ एबोनाइटचे एक काळे पेन होते. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून टणक केलेले रबर. शाई थेट दांड्यात भरायची. लिहिण्याआधी अब्बा निब डाव्या अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहत. स्टॅम्प पेपरवर एक थेंब सांडला, तर शेतकऱ्याचा कागद आणि दिवस दोन्ही वाया जात.

ते गेल्यावर पेन माझ्याकडे आले. काही वर्षांनी आट्यांतून शाई पाझरू लागली. मी बी. ए. झालेला माणूस, जोर लावून पेन आवळले. बोटांनी धरतो ती पेनाची मान तडकली.

एबोनाइटची कांडी मिळवून मी गावातल्या लेथवाल्या मिस्त्रीकडे गेलो. मोटारपंपाचे शाफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्याने मान कातली, आटे पाडले, लगेच दांड्यात फिरवली. छान घट्ट बसली. सकाळी पाहतो तो सैल! मिस्त्री हसला. म्हणाला, "चाचा, गरम माल मोजला तं फसलोच समजा."

कातताना एबोनाइट तापते आणि फुगते. गार झाले की आकसते. फरक केसाच्या जाडीहूनही कमी, पण शाईला तेवढी वाट पुरते. दुसऱ्या वेळी तो थोडे कातायचा, थांबायचा, गार झाल्यावर कॅलिपरने मोजायचा आणि मगच दांड्यात फिरवून पाहायचा. दुपार त्यातच गेली.

निबेखालच्या जिभेचेही तसेच. तिच्या खाचेतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर जाते. जीभ सैल बसली तर डाग पडतात. शाईची वाट दाबली गेली तर अक्षर उमटत नाही. शिवाय शाई संपत आली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि थेंब खाली ढकलते. अब्बा पेन अर्धे रिकामे होण्याआधीच का भरत, ते मला तेव्हा कळले.

अशा पेनाचे आपल्या भागाशी जुने नाते आहे. राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांनी बनवलेले स्वदेशी पेन कुमारप्पांमार्फत गांधीजींना मिळाले, आणि १९३५ साली गांधीजींनी वर्ध्याहून पत्र लिहून त्यांचे आभार मानले. वर्धा राळेगावाहून काही फार लांब नाही.

कवितेतही मी असाच घाई करीत असे. ओळ लिहून झाली की ऊन ऊन असतानाच मात्रा मोजायच्या आणि शब्द ठोकून बसवायचा. आता ओळ रात्रभर ठेवतो.

पेन दुरुस्त झाल्यावर पहिल्यांदा त्याने कविता लिहिली नाही. शेजारच्या म्हातारीचा रेशनकार्डाचा अर्ज लिहिला. आधी निब नखावर टेकवून पाहिली. कागदावर एकही डाग पडला नाही.