न्यायालय भरण्यापूर्वीचा निकाल

(धुळे येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी मी एका अमेरिकन कादंबरीची निवड केली, तेव्हा एका स्नेह्यांनी मला विचारले, की अलाबामा राज्यातील काळ्या माणसांच्या दुःखाशी खानदेशातील श्रोत्यांचा संबंध काय? अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी त्यांना कापसाचे नाव सांगितले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खानदेशच्या कापसाला कधी नव्हे एवढा भाव आला. युद्ध संपले आणि तो भाव कोसळला. तिकडच्या गुलामांच्या मुक्ततेचे युद्ध आणि इकडच्या शेतकऱ्याचा भाव हे एकाच बाजाराने बांधलेले होते. तेव्हा हा संबंध जुना आहे.

हार्पर ली यांची ‘टु किल अ मॉकिंगबर्ड’ ही कादंबरी १९६० साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ साली तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. कथानक १९३० नंतरच्या मंदीच्या वर्षांतले आहे. टॉम रॉबिन्सन या काळ्या शेतमजुरावर एका गोऱ्या मुलीवरील बलात्काराचा आरोप येतो. अॅटिकस फिंच हे गोरे वकील त्याचा बचाव करतात. मुलीच्या चेहऱ्याच्या उजव्या बाजूवर मार बसलेला आहे, म्हणजे मारणारा बहुधा डावखुरा असावा. टॉमचा डावा हात मात्र लहानपणीच कापसाच्या जिनमध्ये सापडून निकामी झालेला आहे. जिनमध्ये हात गमावलेला मजूर म्हणजे काय, हे जळगाव-धुळ्याच्या श्रोत्यांना समजावून सांगण्याची गरज नाही. पुरावा इतका स्वच्छ असूनही ज्यूरी त्याला दोषी ठरवते. पुढे तुरुंगातून पळण्याच्या प्रयत्नात तो गोळ्यांना बळी पडतो.

या निकालाचे कारण काय? ज्यूरीतील माणसे राक्षस नव्हती. ती साधी, कष्टाळू शेतकरी माणसे होती. परंतु काळ्या माणसाचा शब्द गोऱ्या माणसाच्या शब्दापुढे टिकू द्यायचा नाही, हा निर्णय त्यांच्या मनात न्यायालय भरण्यापूर्वीच झालेला होता. पूर्वग्रहाचे कार्य हे असे चालते. पुरावा समोर येण्याआधीच, संशय कोणावर घ्यायचा आणि विश्वास कोणावर ठेवायचा, हे तो ठरवून टाकतो.

आपल्याकडे ज्यूरीची पद्धत आता राहिलेली नाही. पण बाजारात बसणारी ज्यूरी आपण बरखास्त केली आहे काय? याच जिल्ह्यातील साक्री तालुक्यातील राईनपाडा हे नाव आपण विसरलेला नाहीत. १ जुलै २०१८, रविवार, आठवडे बाजाराचा दिवस. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याची अफवा मोबाईलवरून गावोगाव पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील, भिक्षेवर पोट भरणारी पाच माणसे त्या बाजारात आली. त्यांच्यावर संशय घेण्यात आला, त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडण्यात आले आणि तेथेच जमावाने त्यांना ठेचून मारले. आपल्या लोकशाहीची सर्वांत खालची पायरी म्हणून ज्या संस्थेकडे आपण पाहतो, तिच्याच खोलीत हे घडले, ही गोष्ट मला अजून स्वस्थ बसू देत नाही.

कादंबरीतही जमावाचा एक प्रसंग आहे. खटल्याच्या आदल्या रात्री काही माणसे टॉमला ठार मारण्यासाठी तुरुंगाशी जमतात. अॅटिकस यांची लहान मुलगी त्या गर्दीतल्या एका गरीब शेतकऱ्याला ओळखते, त्याला नावाने हाक मारते आणि आपल्या वर्गात शिकणाऱ्या त्याच्या मुलाची चौकशी करते. तो माणूस शरमतो आणि सगळ्यांना घेऊन परत जातो. राईनपाड्यात अशी हाक कोण मारणार होते? त्या पाच जणांना तेथे कोणी नावाने ओळखत नव्हते, आणि ज्याचे नाव कोणाला ठाऊक नाही तो चोर, हे समीकरण भटक्यांच्या बाबतीत आपल्या समाजात फार पूर्वीच मांडले गेले आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटकेपणालाच गुन्ह्याची छाया दिली. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, पण मनातला रद्द झाला नाही. खानदेशातील भिल्लांवरही ब्रिटिशांच्या दप्तराने लुटारूपणाचा असाच शिक्का मारला होता. राईनपाडा हा आदिवासी मुलूख आहे, तेथील शेती कोरडवाहू आहे आणि पोटासाठी परमुलखात जाणे तेथील घराघराला ठाऊक आहे. अशा ठिकाणी, पोटासाठीच दूरवरून आलेल्या माणसांचा जीव गेला. गरिबाने गरिबाला मारले, यात गरिबीचा दोष आहे असे म्हणून सुटका करून घेता येत नाही. पण तळाच्या माणसाला त्याच्याहूनही खालचा एक माणूस दाखवून देणारी ही व्यवस्था टिकते कशी, हे समजून घेतले पाहिजे.

त्याच वर्षी, याच्या काही आठवडे आधी, जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात वाकडी येथे विहिरीत पोहल्याबद्दल मातंग समाजातील मुलांना विवस्त्र करून मारहाण झाली. तेथे निदान १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लावता आला. राईनपाड्याच्या मृतांना त्या कायद्याचे छत्रही नव्हते, कारण त्यांचा समाज अनुसूचित जातींत नाही आणि जमातींतही नाही. महाराष्ट्रात तो भटक्या जमातींत मोडतो.

पुढे १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींविषयी राज्यांना निर्देश दिले. भारतीय न्याय संहितेत पाच किंवा अधिक जणांनी मिळून वंश, जात, समुदाय, जन्मस्थान, भाषा अशा कारणांवरून केलेल्या हत्येचा स्वतंत्र उल्लेख आला. ही संहिता १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे राईनपाड्याच्या बरोबर सहाव्या स्मृतिदिनी अंमलात आली. पण ‘कारणावरून’ या शब्दापाशी मी अडखळतो. जमाव कधी म्हणणार आहे, की आम्ही जातीवरून मारले? तो म्हणेल, आम्ही मुले पळविणारे समजून मारले. अलाबामाच्या ज्यूरीनेही ‘काळा आहे म्हणून’ असे म्हटले नव्हते. ती एवढेच म्हणाली, ‘दोषी’.

कायदा कितीही चांगला असला, तरी तो साक्षीदाराच्या पायांवर उभा राहतो. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे २०१४ साली एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. २०१७ साली आरोपी सुटले, कारण साक्षीदार उलटले. साक्षीदार उलटला की आपण त्याला भित्रा म्हणतो. मी अर्थशास्त्राच्या भाषेत विचारतो, की त्याच्या साक्षीची किंमत कोण चुकती करणार? ज्याच्याविरुद्ध बोलायचे, त्याच्याच शेतात उद्याची मजुरी असेल, त्याच्याच बांधावरून गुरांची वाट असेल, तर सत्य ही चैनीची वस्तू होते. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने साक्षीदारांचा प्रवासखर्च, निर्वाह, स्थलांतर आणि पुनर्वसन यांचे हक्क आले. ही तरतूद भटक्या-विमुक्तांपर्यंत पोचली पाहिजे आणि कागदावरून तालुक्याच्या कचेरीत उतरली पाहिजे. त्यांना घरासाठी जागा, शिधापत्रिका आणि कायमचा पत्ता मिळणे हा केवळ कल्याणाचा प्रश्न नाही. अनोळखी माणसाचे ओळखीच्या नागरिकात रूपांतर करण्याचा तो मार्ग आहे.

या कादंबरीवर माझा एक आक्षेप आहे. तिच्यात टॉम फार थोडे बोलतो. त्याच्या वतीने एक सज्जन गोरा वकील बोलतो आणि वाचक त्या वकिलावर प्रेम करून घरी जातो. २०१५ साली लेखिकेचे ‘गो सेट अ वॉचमन’ प्रसिद्ध झाले. त्यात हाच वकील वंशभेद टिकवू पाहणाऱ्यांच्या सभेत बसलेला दिसला आणि अनेकांचा भ्रमनिरास झाला. आपल्याला असा धक्का बसण्याचे कारण नाही. ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यास येऊन लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरलेले वकील अस्पृश्यतेच्या जाचातूनच वर आले होते. त्यांचे नाव भीमराव आंबेडकर. लक्ष्मण माने यांचा ‘उपरा’ १९८० साली आला, लक्ष्मण गायकवाड यांचा ‘उचल्या’ १९८७ साली. आपल्या मराठीत टॉम रॉबिन्सन स्वतः लिहू लागला आहे. त्याचे ऐकणे, हे आपले पहिले काम होय.

दुसरे काम आपल्या कार्यकर्त्यांचे. भटक्यांची पाले गावाबाहेर पडली, की त्याच दिवशी तेथे जा. त्यांची नावे विचारा, मुलांची चौकशी करा आणि बाजाराच्या दिवशी त्यांच्यासोबत चाला. अफवा उठेल तेव्हा गर्दीत त्यांना नावाने हाक मारणारा एक तरी माणूस उभा असला पाहिजे. अलाबामाच्या त्या रात्री हे काम एका लहान मुलीने केले. आपण तर संघटना म्हणवून घेतो.