घरकुल आणि डीपी



बाबासाहेबांना आपण घटनेचे शिल्पकार म्हणून ओळखतो. परंतु १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते आणि वीज हा विषय त्यांच्याच खात्याकडे होता, हे आपल्या मुलांना सहसा ठाऊक नसते. केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ १९४४ साली स्थापन झाले, ते त्यांच्याच कारकिर्दीत. वीज स्वस्त हवी आणि विपुलही हवी, असा त्यांचा आग्रह होता. त्यातल्या 'विपुल' या शब्दाविषयी मी बोलणार आहे.

घरकुलांच्या वस्त्यांत हल्ली एक विचार ऐकू येतो : सिलिंडर परवडत नाही, तेव्हा स्वयंपाक, आंघोळीचे पाणी, सगळे विजेवरच करू. विचार चांगला आहे. चुलीच्या धुराने आपल्या आयांचे डोळे गेले आहेत. शिवाय शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला २५० मेगावॅटचे दोन संच आहेत, मग खामगावला वीज कमी कशी पडेल, असेही कोणी म्हणतो. पण पारसची वीज थेट आपल्या शेगडीत येत नाही. मध्ये उपकेंद्र आहे, ११ हजार व्होल्टची लाईन आहे आणि शेवटी कोपऱ्यावरची डीपी आहे. गाडी अडते ती तिथे.

हिशेब करून पाहू. साठ घरकुले धरा. दिवे, पंखा, टीव्ही, कूलर मिळून घरटी अर्धा किलोवॅट, म्हणजे सगळे ३०. ६३ केव्हीएची डीपी साधारण ५७ किलोवॅट देते, तेव्हा काम भागले. आता सकाळी सातला निम्म्याच घरांत दोन किलोवॅटची शेगडी पेटली तर ६० झाले. पंधरा घरांत दीड किलोवॅटचा हीटर लागला की आणखी साडेबावीस. पंखे-दिवे घरटी २०० वॅट धरले तर १२. बेरीज साडेचौऱ्याण्णव! इथे १०० केव्हीएचीही डीपी काठावर येते, २०० चीच मागावी लागते.

डीपी उडाली नाही तरी लांबच्या घरात व्होल्टेज पडते. २३० ऐवजी १८० व्होल्ट मिळाले, तर हीटरची उष्णता वर्गाच्या प्रमाणात घटून जेमतेम ६१ टक्के उरते. मीटर मात्र फिरतच राहते, कारण पाणी तापायला वेळ जास्त लागतो. छतावरचे सौरपटल दुपारी उपयोगी, सकाळी सातला आणि रात्री आठला नाही; त्यापेक्षा सौर बंबाने हीटरचा भार वाचतो.

आपलीही एक चूक सांगतो, राग मानू नका. खर्च वाचावा म्हणून आपण अर्जात भार कमी लिहितो. डीपीचा अंदाज त्याच आकड्यांवरून बांधला जातो, आणि मग एप्रिलात कूलर सुरू झाले की फ्यूज उडतो. घरकुलांचा आराखडा मंजूर होतानाच खरा भार लिहून द्यावा आणि डीपी किती केव्हीएची, हे लेखी विचारावे.

दहावी-बारावीच्या मुलांनी सुटीत एवढे काम करावे : वही घेऊन आपल्या गल्लीतल्या प्रत्येक घरी जावे, उपकरणांवरचे वॅट टिपावेत, किती वाजता काय चालते ते विचारावे. बेरीज झाली की ती वही संस्थेच्या कार्यालयात आणून द्यावी. अर्ज आपण तिच्यावरूनच लिहू.