अंगणातलं कुमुद



पाण्यावर फुललेल्या फुलाला आपण सरसकट कमळ म्हणतो. पण टबात सहज वाढतं ते बहुधा कुमुद, म्हणजे वॉटर लिली. कमळाचं मोठं पान पाण्याच्या वर उचललेलं आणि अखंड गोल असतं. कुमुदाचं पान पाण्यावरच पसरतं आणि देठापाशी त्याला खाच असते.

याच्यासाठी माती विकत आणू नका. चिखलणीच्या वेळी भातखाचरातली जी माती पायाला चिकटून बसते, तीच याला मानवते. पसरट कुंडीत तळाशी मूठभर कुजलेलं शेणखत आणि वर ही माती घाला. कोकोपीट नको, ते तरंगून वर येतं. कंदाचा कोंब मातीबाहेर राहू द्या, वरून बारीक खडी पसरा आणि कुंडी टबात ठेवा. सुरुवातीला मातीवर चार बोटं पाणी पुरे. पानं वाढतील तसं वाढवत वीतभर करा. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन मात्र हवंच. सावलीत नुसती पानं येतात.

खरी कसोटी पावसाळ्यात. महाड-पोलादपुरात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. टब भरून वाहिला की माती आणि टबात सोडलेले मासेही बाहेर. म्हणून काठाखाली दोन बोटांवर भोक पाडा आणि त्याला जाळी लावा. टब पागोळ्यांखाली तर कधीच ठेवू नका. कौलांवरून पडणारी धार पानं फाडते, आणि पानांवर सतत पाण्याचा मारा या झाडाला सोसत नाही.

डासांच्या अळ्यांसाठी गप्पी मासे सोडा. मात्र हा मासा मूळचा दक्षिण अमेरिकेतला. तो टबातच राहू द्या. सावित्री, गांधारी नद्यांत किंवा गावच्या वहाळात सोडू नका, तिथले मासे वेगळे आहेत आणि ते टिकायला हवेत.

आता जात कोणती निवडावी? निळं कुमुद सकाळी उमलतं आणि दुपार कलली की मिटतं. एमआयडीसीत सकाळच्या पाळीला जाणाऱ्याला ते फुललेलं दिसणारच नाही. त्याने रात्री उमलणारं पांढरं किंवा लाल कुमुद लावावं. कामावरून येऊन हातपाय धुऊन पडवीत बसेपर्यंत कळी सैल होऊ लागते, आणि जेवणं आटोपेपर्यंत फूल पूर्ण उघडलेलं असतं.