वॉर्डातले सर

खासगी रुग्णालयात कित्येक पट मिळकत असताना काही डॉक्टर सरकारी किंवा पालिकेच्या वैद्यकीय महाविद्यालयात उमेदीची सगळी वर्षे का घालवतात? त्यांना विचारले, तर अनेकजण आधी विद्यार्थ्यांचा विषय काढतात.

ही परंपरा जुनी आहे. मुंबईत १९२६ साली केईएम रुग्णालय आणि गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथले अध्यापक भारतीयच असावेत, ही देणगीदारांची अट होती. पुढे कित्येक दशके नावाजलेले मानद डॉक्टर नाममात्र मानधनावर सकाळी तिथे शिकवत आणि दुपारनंतर स्वतःच्या दवाखान्यात बसत.

त्यांना काय मिळत असे, ते आजही वॉर्डात दिसते. विद्यार्थी रुग्णाच्या पोटावर हात ठेवून पोटाकडेच टक लावून बघतो. सर म्हणतात, "आधी हात चोळून गरम कर. आणि पोटाकडे काय बघतोस? त्यांच्या चेहऱ्याकडे बघ." कुठे दुखते ते रुग्णाच्या कपाळावरच्या आठीवरून कळते. वाढलेली प्लीहा शोधायची, तर हात ओटीपोटाच्या उजव्या बाजूने हळूहळू वर डावीकडे न्यायचा. रुग्णाने खोल श्वास घेतला की तिची कड बोटाला लागते. "लागली, सर!" हे ऐकण्यासाठी सर तासभर जास्त थांबतात. हे समाधान पगारपत्रकात मावणारे नाही.

शिकवायला पदवीच लागते असेही नाही. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून जामखेडमध्ये खेड्यातल्या, बऱ्याचदा निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवले. त्याच बायका पुढे बाहेरून आलेल्या डॉक्टर-परिचारिकांना गावाचे आरोग्य समजावून सांगू लागल्या. ज्यांना गावात कुणी विचारत नव्हते, त्यांच्यासाठी ही केवढी मोठी गोष्ट!

पण या समाधानाला आता ओहोटी लागते आहे. ओपीडीची गर्दी, रिकामी पदे, कंत्राटी नेमणुका, बढतीसाठी शोधनिबंध. त्यात विद्यार्थीही पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या क्लासकडे वळतात आणि खाटेजवळची जागा रिकामी राहते. शिकवायची हौस असलेल्या डॉक्टरला कमी पगारापेक्षा हे जास्त लागते.

बढती ठरवताना वॉर्डात शिकवलेल्या तासांना शोधनिबंधांइतकेच गुण मिळायला हवेत. आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाही एक विनंती: खाटेभोवती विद्यार्थी जमले तर त्रासून जाऊ नका, त्यांना तपासू द्या.