बीज आणि क्षेत्र

बारशाच्या घरीं पाळण्याभोंवतीं जमलेल्या बायकांत एक चर्चा हटकून चालते. नाक आजोबांचें, कपाळ आत्याचें, रंग मात्र आईचा! मग कोणी "खाण तशी माती" असें म्हणून समारोप करते आणि पेढ्यांचें तबक पुढें सरकतें. या सहज बोलण्यामागें एक फार जुना प्रश्न आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत बीज श्रेष्ठ कीं क्षेत्र श्रेष्ठ याचा ऊहापोह आहे, आणि तेथें कौल बीजाकडे झुकलेला दिसतो. विसाव्या शतकांतील जीवशास्त्रानें हाच प्रश्न वेगळ्या रूपांत प्रयोगशाळेंत नेला. तेथें बीज म्हणजे केंद्रकांतील जनुकें, आणि क्षेत्र म्हणजे त्यांच्याभोंवतालची सारी पेशी. केंद्रकांतील जनुकें आई आणि बाप या दोघांकडून येतात. पेशी मात्र बहुतांशीं एकट्या आईची.

मनुष्याच्या जनुकांचा ग्रंथ सुमारें ३ अब्ज अक्षरांचा आहे. डी.एन.ए. या द्रव्याच्या धाग्यावर तो लिहिलेला असून प्रथिनें घडविण्याचे सुमारें २०,००० पाठ त्यांत आहेत. परंतु पोथी कितीही मोलाची असली, तरी फडक्यांत बांधलेली पोथी बोलत नाहीं. ती सोडावयास, योग्य तो अध्याय काढावयास आणि वाचावयास पुराणिक लागतो. पेशींत हा पुराणिक कोण?

समुद्रांत अ‍ॅसेटॅब्युलेरिया नांवाचें एक शेवाळ वाढतें. तें दिसतें चिमुकल्या छत्रीसारखें: तळाशीं मुळासारखी बैठक, मधें दांडी आणि वर टोपी. कित्येक सेंटिमीटर उंचीचा हा सारा पसारा एकाच पेशीचा असून तिचें केंद्रक तळाच्या बैठकींत असतें. १९३० नंतरच्या दशकांत योआखिम हेमरलिंग या जर्मन शास्त्रज्ञानें या शेवाळावर प्रयोग केले. केंद्रकासह बैठक कापून टाकली, तरी उरलेल्या दांडीवर नवी टोपी उगवूं शके. टोपी कशी घडवावी याचा निरोप दांडीपर्यंत आधींच पोंचलेला होता. पुढें त्यानें एका जातीची दांडी दुसऱ्या जातीच्या बैठकीवर कलम केली. प्रथम आलेली टोपी दोन्ही जातींच्या मधल्या घडणीची निघाली. ती कापल्यावर आलेली टोपी मात्र केंद्रकाच्या जातीची होती. जुन्या निरोपांचा सांठा संपला आणि नव्या धन्याचा हुकूम चालूं लागला. असा निरोप वाहून नेणाऱ्या आर.एन.ए. द्रव्याची ओळख १९६१ सालीं पटली.

एवढ्यावरून केंद्रक हेंच राजा आणि पेशी ही केवळ दासी, असें वाटेल. पण इंग्लंडांत जॉन गर्डन यांनीं १९६२ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगानें दुसरी बाजू दाखविली. त्यांनीं बेडकाच्या पिलाच्या आंतड्यांतील पेशीचें केंद्रक काढून, स्वतःचें केंद्रक नष्ट केलेल्या अंड्यांत घातलें. बरेचसे प्रयत्न फसले. परंतु कांहीं अंड्यांतून हिंडतीं फिरतीं पिलें निघालीं. आंतड्यांत असतांना ज्या पोथीचा एकच अध्याय वाचला जात होता, तीच पोथी अंड्यानें पहिल्या पानापासून वाचावयास घेतली. पोथीचें अक्षर बदललें नव्हतें. बदलला होता तो वाचणारा. या कार्याबद्दल गर्डन यांस २०१२ सालचें नोबेल पारितोषिक शिन्या यामानाका यांच्यासह मिळालें.

क्षेत्राचा स्वतःचा असा वारसाही आहे, आणि त्याची साक्ष परसांतली गुलबक्षी देते. चट्ट्यापट्ट्यांच्या पानांच्या गुलबक्षीवर हिरव्या, पांढऱ्या आणि मिश्र अशा तिन्ही प्रकारच्या फांद्या येतात. कार्ल कोरेन्स यांनीं १९०९ सालीं दाखविलें कीं, पराग कोणत्याही फांदीवरचा असो, पांढऱ्या फांदीवर धरलेल्या बीजांतून पांढरींच रोपें उगवतात आणि हरितद्रव्याच्या अभावीं मरून जातात. हिरव्या फांदीचीं रोपें हिरवीं होतात. कारण पानाला हिरवा रंग देणारे कण पेशीद्रवांत असतात, आणि येथें ते मातेकडूनच मिळतात. या कणांपाशीं स्वतःचें थोडें डी.एन.ए. असतें.

आणखी एक उदाहरण याहूनही विलक्षण आहे. पॅरामेशियम हा सूक्ष्म जीव अंगावरील केसांच्या रांगा हालवून पोहतो. जानीन बेसाँ आणि ट्रेसी सॉनबॉर्न यांनीं १९६५ सालीं असे पॅरामेशियम वर्णिले, ज्यांच्या कांहीं रांगा उलट्या दिशेला वळलेल्या होत्या. जनुकांत कांहींच फरक नसतांना हा उलटेपणा शेंकडों पिढ्या टिकला. नवी रांग जुन्या रांगेच्या दिशेनेंच मांडली जाते. येथें वारसा अक्षरांचा नाहीं, तर मांडणीचा आहे.

तेव्हां जनुकांचें महत्त्व कमी होतें काय? तसें नाहीं. प्रथिनांची घडण जनुकांतच लिहिलेली असते, आणि पेशीचें काम त्या प्रथिनांवांचून चालत नाहीं. परंतु कोणता पाठ केव्हां आणि किती वेळां वाचावयाचा, हें ठरविणारी यंत्रणा पेशींतच असते. आणि ती यंत्रणा मागच्या पेशीकडून चालू स्थितींत हातीं आलेली असते. निर्जीव द्रवांत पडलेल्या डी.एन.ए.ला आपण होऊन पेशी उभारतां येत नाहीं.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. मनुष्याच्या पेशींना शक्ति पुरविणाऱ्या तंतुकणिकांत ३७ जनुकें असतात, आणि तीं आईकडून येतात. त्यांत बिघाड असेल तर मुलाचा मेंदू, हृदय आणि स्नायू यांना जबर धोका पोंचतो. अशा कुळांतील आई स्वतः धडधाकट असूनही एकामागून एक अपत्य गमावते, आणि दोष मात्र तिच्या दैवाच्या माथीं मारला जातो. ब्रिटनने २०१५ सालीं कायद्यानें एका उपायास मुभा दिली. फलित अंड्यांतील आईबापांचें केंद्रकीय द्रव्य, निरोगी तंतुकणिका असलेल्या दुसऱ्या स्त्रीच्या अंड्यांत ठेवण्याचा हा उपाय आहे. या पद्धतीनें आठ बालकें जन्मल्याचें न्यूकॅसल येथील वैद्यांनीं २०२५ सालीं जाहीर केलें. या बालकांचें नाकडोळे आईबापांचेंच. जन्मभर पुरणारी शक्ति मात्र दुसऱ्या एका स्त्रीच्या देण्यांतून आलेली.

बारशाला जमलेल्या बायकांनीं आजोबांचें नाक खुशाल ओळखावें. पण बाळाची पेशी ही आईच्या पेशींतून, तिची आजीच्या पेशींतून, अशी खंड न पडतां चालत आलेली आहे, हेंही पाळण्याची दोरी ओढतांना ध्यानांत असूं द्यावें.