'समजा' कोणी मांडायचे?



या व्यासपीठावर विद्वान वक्ते येतात. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते बाजारातल्या ओट्यावर, ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांत आणि हमाल मंडळींच्या संगतीत झाले. तेव्हा आजच्या विषयाचे नाव वाचून आपल्यापैकी काहींना हसू आले असेल. कामकाजाची संगणकावर नक्कल कशी करतात आणि तिच्यासाठी प्रसंग कसे मांडतात, हा विषय इंजिनियरांचा. हमालांच्या कार्यकर्त्याने तो कशाला घ्यावा? आम्ही तो घेतला नाही, तो आमच्या अंगावर आला. कसा आला ते पुढे सांगू.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास आपल्या बाजारात सोयाबीन येते. गाडी फाटकातून आत येते, नोंद होते, माल ओट्यावर ओतला जातो, ओलावा पाहतात, हर्रासी होते, काट्यावर तोलाई होते, पोती भरून थप्पी लागते, हिशेबपट्टी होते आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती चुकारा पडतो. ही सारी साखळी चौकोन आणि बाण काढून कागदावर मांडता येते. संगणक त्या साखळीत लटक्या गाड्या सोडतो, लटके हमाल उभे करतो आणि महिन्याभराचा बाजार काही मिनिटांत चालवून दाखवतो. काटा एक वाढवला तर काय होईल, माणसे चार कमी केली तर काय होईल, हे खरा बाजार न बिघडवता पाहता येते. असा प्रत्येक प्रश्न म्हणजे एक प्रसंग. इंजिनियर त्याला सिनॅरिओ म्हणतात. आम्ही त्याला 'समजा' म्हणतो. शाळेत मास्तर "समजा, एका हौदाला दोन नळ आहेत" असे म्हणत, तोच हा समजा.

एक हिशेब तोंडीच करू. समजा, दिवसाला ६० गाड्या काट्यावर येतात. काटे दोन आहेत आणि एका गाडीला १२ मिनिटे लागतात. म्हणजे तासाला १० गाड्या आणि ८ तासांत ८० गाड्या तोलून होतील. सरासरी पाहणारा म्हणेल, काटे रिकामेच राहतात, एखादा माणूस कमी करा. पण आपला शेतकरी सरासरीने येत नाही. तो पहाटे निघतो आणि सकाळीच पोहोचतो. ६० पैकी ४० गाड्या सकाळी ८ ते १० या वेळात आल्या, तर १० वाजता २० तोलून झालेल्या असतात आणि २० रांगेत उभ्या असतात. रांगेतल्या शेवटच्या गाडीला दोन तास थांबावे लागते. उरलेल्या २० गाड्या पुढे दिवसभर सारख्या अंतराने आल्या, तरी ती रांग दुपारी १ वाजेपर्यंत मोडत नाही. गाड्या तेवढ्याच, काटे तेवढेच, माणसेही तेवढीच. बदलली ती फक्त येण्याची वेळ. रांगेची लांबी, काम उरकण्याचा वेग आणि थांबण्याचा वेळ यांचे हे नाते जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली रीतसर सिद्ध केले. काट्यापुढे उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ते पायांनी कळलेले असते.

म्हणून प्रसंग मांडताना पाच गोष्टी भराव्या लागतात. गाड्या केव्हा येतात. प्रत्येक कामाला किती वेळ लागतो. तोही एकच आकडा नव्हे, तर कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती. माणसे किती आणि कोणत्या वेळी हजर. शंभरातल्या किती गाड्या वेगळ्या वाटेने जातात. म्हणजे ओल्या मालामुळे किती अडकतात आणि भाव न पटल्यामुळे किती परत फिरतात. आणि पाचवी गोष्ट म्हणजे कशाची किंमत धरायची. पहिला प्रसंग नेहमी आज आहे तशा बाजाराचा मांडावा. त्याचे उत्तर कालच्या खऱ्या बाजाराशी जुळले, तरच पुढच्या प्रसंगांवर विश्वास ठेवावा. मग एका वेळी एकच गोष्ट बदलावी. आणि एकदा चालवून समाधान मानू नये, अनेकदा चालवावे. कारण एखादा दिवस नशिबानेही बरा जातो.

आता आमची गोष्ट. काही वर्षांपूर्वी एका गोदामात आमच्या १८ जणांच्या टोळीला सांगण्यात आले की संगणकाच्या हिशेबाने १२ माणसे पुरतात. गोदामाचे नाव सांगत नाही, त्याची गरजही नाही. साहेब सज्जन होते. ते म्हणाले, "हे मी म्हणत नाही, यंत्र म्हणते." आम्ही म्हणालो, "साहेब, यंत्राला तुम्ही काय समजावले तेवढे दाखवा." त्यांनी दाखवले. एक पोते उचलून थप्पीला लावण्याचा वेळ सकाळी ७ वाजता, ताज्या दमाच्या माणसांवर मोजलेला होता. भाकरीची सुटी नव्हती. पाऊस नव्हता. ट्रक शहाण्या मुलांसारखे सारख्या अंतराने येत होते. आणि हमालाच्या थांबण्याची किंमत शून्य धरली होती, कारण हमाली पोत्यावर मिळते, तासावर नाही. तो चार तास बसून राहिला, तरी मालकाच्या वहीत एक पैसा लागत नाही. त्याच्या घरच्या चुलीला मात्र लागतो.

आम्ही स्वतः मोजायचे ठरवले. येथे आमचीही एक चूक कबूल केली पाहिजे. घड्याळ लावायच्या आदल्या रात्री आमच्यातल्याच काहींनी ठरवले की उद्या जरा सावकाश चालायचे. त्यात आम्हीही होतो. टोळीतले एक म्हातारे हमाल सारे ऐकत बसले होते. ते म्हणाले, "भाऊ, जन्मभर मापात पाप करणाऱ्याशी भांडलो. आता आपलाच काटा खोटा करता का?" त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सगळे नेहमीच्या चालीने चालले. आम्ही पंधरा दिवस सकाळ, दुपार आणि संध्याकाळ वेगवेगळी मोजली, आणि कॉलेजात शिकणाऱ्या एका हमालाच्या मुलाने ते आकडे यंत्रात भरले.

उत्तर दोन्ही बाजूंना कडू निघाले. हंगामात १२ माणसे पुरत नव्हती. ट्रक रात्रीपर्यंत उभे राहत होते. पण उन्हाळ्यात १८ जणांना पुरेल एवढे काम नाही, हेही दिसले. ते आम्हाला माहीत होते, पण आम्ही कधी बोललो नव्हतो. शेवटी हंगामात पूर्ण टोळी आणि उन्हाळ्यात पाळीपाळीने काम, असे ठरले. पाळीमुळे प्रत्येकाची उन्हाळ्यातली कमाई घटली, पण कोणाचे नाव यादीतून कटले नाही. याला आम्ही विजय म्हणणार नाही. पण भांडण खऱ्या आकड्यांवर झाले.

हा विचार काही आमचा नवा नाही. असे प्रसंग संगणकावर चालवण्यासाठी 'सिम्युला' नावाची भाषा नॉर्वेत, ओस्लोच्या संगणन केंद्रात, क्रिस्टन न्यूगार्ड आणि ओले-योहान डाल या दोघांनी १९६० नंतरच्या दशकात घडवली. कामाची नक्कल करणारे साधन कामगारांचे आयुष्य बदलू शकते, हे न्यूगार्ड यांनी ओळखले. १९७०च्या दशकाच्या आरंभी ते लोखंड आणि धातू कामगारांच्या संघटनेबरोबर बसले आणि ही विद्या कामगारांना कशी कळेल यावर त्यांनी काम केले. १९७५ साली तेथील कामगार महासंघ आणि मालकसंघ यांच्यात देशव्यापी करार झाला. नव्या संगणक-पद्धतीची माहिती कामगारांना आधी, आणि त्यांना समजेल अशा भाषेत द्यावी, असे त्यात ठरले. आपल्याकडे १९६९ साली माथाडी कायदा झाला, तेव्हा पाठीवर ओझे वाहणाऱ्या माणसाचे नाव प्रथमच नोंदवहीत रीतसर आले. आता ते नाव यंत्रातल्या प्रसंगातही खरेपणाने आले पाहिजे.

आम्ही यंत्राचे वैरी नाही. रांग कमी झाली तर शेतकरी दिवस मावळायच्या आत घरी पोहोचेल आणि हमालाचीही कंबर वाचेल. आमचे मागणे एवढेच आहे. जेथे असा हिशेब होईल, तेथे त्यातले सगळे 'समजा' मराठीत लिहून फलकावर लावा. माप घेताना हमाल, मापारी आणि शेतकरी यांच्यातला एकेक माणूस जवळ उभा राहू द्या. आणि थांबणाऱ्याच्या वेळेची किंमत शून्य धरू नका. आणि तरुण मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकजण संगणक शिकत आहात. उद्या तुमच्यापुढे कोऱ्या रकान्यांचा तक्ता येईल आणि त्यात माणसाचा वेळ भरायला सांगतील. तो आकडा खुर्चीत बसून भरू नका. एकदा उठून दुपारी २ वाजता ओट्यावर या. आम्ही तेथेच असतो.